‘विशमास्टर’मधील जिन आणि शेवटची इच्छा : ही पळवाट नव्हे काय?

परभणीकर:
१९९७ सालचा ‘विशमास्टर’ हा भयपट नुकताच पाहिला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी पुढे वाचू नये, कारण शेवट सांगितल्याशिवाय माझी शंका मांडता येणार नाही. रत्नात कोंडलेल्या जिनाला जो जागे करील त्याच्या तीन इच्छा पुऱ्या झाल्या की साऱ्या जिनांना पृथ्वीचे दार उघडे होते, म्हणून हा दुष्ट जिन त्याला जागे करणाऱ्या नायिकेच्या, अलेक्झांड्राच्या, मागे लागतो. ते रत्न एका मूर्तीत दडलेले असते आणि क्रेनवरून मूर्तीची पेटी कोसळल्यामुळे ते बाहेर येते. शेवटी ती एवढेच मागते, की त्या दिवशी क्रेन चालवणारा माणूस कामावर दारू प्यालेला नसावा. मग मूर्तीची पेटी कोसळत नाही, रत्न कोणाच्या हाती लागत नाही आणि घडलेले सारे पुसले जाते. एवढे भिववून अशी सुटका करणे ही पटकथेची पळवाट नव्हे काय?

अंबाजोगाईचा वाचक:
मला ती पळवाट वाटत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या पोखर्णीच्या नृसिंहाला आपण गेला असालच. हिरण्यकशिपूने दिवस-रात्र, घर-अंगण, माणूस-पशू अशा सगळ्या अटी घालून वर मागितला आणि देवाने त्या अटींमधली फट शोधली. इथे फट शोधण्याचे काम चित्रपटभर जिन करतो. माणूस मोघम बोलतो आणि जिन त्याच्या बोलण्याचा सोयीचा अर्थ लावून त्याचा जीव घेतो. अलेक्झांड्रा आधी त्याला स्वतःचे डोके उडवायला सांगते, तो ते करतोही, पण अमर असल्याने मरत नाही. म्हणजे थेट वार निरुपयोगी आहे हे दाखवूनच लेखक पीटर अ‍ॅटकिन्स तिला त्याच्या खेळाकडे वळवतो. तिची शेवटची मागणी नेमकी आहे आणि वरवर पाहता तिचा जिनाशी काही संबंधच नाही, म्हणूनच ती लागू पडते.

खुलताबादकर:
शेवटाविषयी मी वरील उत्तराशी सहमत आहे. माझा आक्षेप जिनाच्या चित्रणावर आहे. आमच्याकडे दर्ग्यांच्या परिसरात लहानपणापासून जिनांच्या गोष्टी कानी पडतात. कुराणात जिन धूरविरहित अग्नीपासून निर्माण झालेले सांगितले आहेत आणि त्यांच्यातही माणसांप्रमाणे श्रद्धावान व अश्रद्ध असे दोन्ही असतात; सरसकट सैतान नव्हेत. चित्रपटाने मात्र ११२७ सालचा इराण, अहुर मज्दा या पारशी धर्मातील देवाची मूर्ती आणि अरबी जिन यांची सरमिसळ केली आहे. तीन इच्छांचे बंधन तर लोककथांतून आलेले दिसते. भयपटाकडून धर्मशास्त्राची अपेक्षा करू नये हे मान्य, तरी एखादा भला जिन दाखवला असता तर गोष्ट अधिक रंगली असती.

परभणीकर:
दोघांचेही आभार. हिरण्यकशिपूचा दाखला पटला, तरी माझी शंका पूर्ण फिटली नाही. एका इच्छेने भूतकाळ बदलता येतो हे आधी कुठे तरी सुचवायला हवे होते. नियम अखेरच्या क्षणी कळला तर प्रेक्षकाला डाव खेळायलाच मिळत नाही. पुढचे भाग पाहावेत काय?

अंबाजोगाईचा वाचक:
१९९९ चा दुसरा भाग जिनाची भूमिका करणाऱ्या अँड्र्यू डिवॉफसाठी पाहावा. त्याचा तो खर्जातला आवाज आणि समोरच्याला बोलते करण्याची गोडी हेच या मालिकेचे खरे भांडवल आहे. २००१ आणि २००२ च्या भागांत जिन म्हणून जॉन नोव्हाक आहे. ते नाही पाहिले तरी चालतील.