एंडोमेट्रिओसिस: उंदरांवरच्या संशोधनाला पैसा लावावा की निदानाला?

पाषाणची_मुक्ता
मला एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं त्याला दोन वर्षं झाली. डाव्या अंडाशयात चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) होती. तेव्हापासून रोज रात्री डायनोजेस्ट या हार्मोनची गोळी. दुखणं निम्म्यावर आलं. पण आता आम्हाला मूल हवंय, आणि गोळी चालू असताना अंडं फुटणंच थांबतं. गोळी बंद केली की पहिल्याच पाळीत मी आडवी. २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं एलागोलिक्सही शेवटी इस्ट्रोजेनच खाली आणतं, वर हाडं झिजायची भीती. हार्मोनला हात न लावणारं औषध हवंय! २०२३ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठाने १५५ जणींची तपासणी केली. आजार असलेल्या ६४ टक्के बायकांच्या गर्भाशयाच्या अस्तरात फ्युसोबॅक्टेरियम जिवाणू सापडला, बाकीच्यांत दहा टक्क्यांहूनही कमी. उंदरांना अँटिबायोटिक दिल्यावर गाठी घटल्या. आपल्याकडे एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे, एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) आहे. पुण्यात यावर जोरात काम व्हायला हवं.

सदाशिवपेठी
ताई, मला हे पटत नाही. प्रयोगशाळेतलं औषध दुकानात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. माझ्या बहिणीला आजाराचं नाव कळायलाच नऊ वर्षं गेली. सोनोग्राफी नॉर्मल, म्हणून तीन डॉक्टरांनी 'लग्न झालं की थांबेल' म्हणून परत पाठवलं. बारावीच्या पेपरला ती गरम पाण्याची पिशवी पोटाला बांधून बसली होती. पैसा आधी निदानाला लावा.

औंधची_पेशीवाली
मी पेशींवरच काम करते, तरी उंदरांच्या निकालावर एवढी भिस्त नको असंच सांगेन. प्रयोगशाळेतल्या उंदराला पाळी येतच नाही. अस्तराचे तुकडे पोटात टोचून त्याच्यात आजार 'तयार' करावा लागतो. (मुक्ता, अँटिबायोटिक मनाने घेऊ नकोस, प्लीज.) माझा भरवसा ऑर्गनॉइडवर आहे: ऑपरेशनात काढलेल्या तुकड्यातल्या पेशी जेलमध्ये वाढवायच्या आणि औषध त्यांच्यावर तपासायचं. पण ताजा तुकडा आमच्यापर्यंत पोचतोच कुठे?

पाषाणची_मुक्ता
माझी गाठ बायोप्सीला गेली, रिपोर्ट आला, संपलं. संशोधनासाठी देता का, असं कुणी विचारलंच नाही. मी तिथल्या तिथे सही केली असती.

सदाशिवपेठी
बहिणीनेही केली असती. पण ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचायलाच तिला नऊ वर्षं लागली, माझं भांडण तिथे आहे.