एप्सम सॉल्टवाल्यांनो, आधी मातीत बोट घाला!

गच्चीकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "जास्वंदीच्या कळ्या गळतात? पानं पिवळी? चमचाभर एप्सम सॉल्ट घाला, आठवड्यात फुलं." खाली "धन्यवाद ताई"ची रांग. राहवलं नाही. अहो, ते मॅग्नेशियम सल्फेट आहे. मॅग्नेशियम कमी पडलं की खालची जुनी पानं पिवळी होतात, शिरा हिरव्या राहतात. शेंड्याची कोवळी पानं तशी दिसली तर लोह मिळत नाहीये. बोअरच्या क्षाराच्या पाण्यावर हे हमखास. आणि सरसकट पिवळी होऊन गळत असतील तर बहुधा पाणी जास्त होतंय. दुखणी तीन आणि पुडी एकच? बोट दोन इंच मातीत घाला. ओलं लागलं तर पाणी बंद. माझ्या कुंडीचं भोक मुळांनीच बुजलं होतं. गुंडाळलेली मुळं कापली, फांद्या तिसरा हिस्सा छाटल्या, माती, शेणखत, नीमपेंड नव्याने भरलं. जास्वंद नव्या फुटीवरच फुलते. दीड-दोन महिन्यांत कळ्या.

मिरजेची_सून: ती पोस्ट माझी. माझी फुलली, ते काय खोटं? सासूबाई तर नुसता चहाचा चोथा घालतात.

गच्चीकर: दूध-साखरेसकट? मग मुंग्या, आणि मुंग्यांच्या जिवावर पिठ्या ढेकूण, ती कापसासारखी पांढरी कीड! बरं, मीठ घातलंत त्या आठवड्यात आणखी काय केलंत?

मिरजेची_सून: कुंडी जिन्यातून गच्चीवर नेली. पण ते

गच्चीकर: ऊन मिळालं. संपला विषय.

तळमजला: तुमच्या निदान गळतात हो. माझ्या फुलतात आणि पहाटे सहाला गायब. पिशवी घेऊन मॉर्निंग वॉक करणाऱ्यांवर काय फवारायचं?

पहाटफेरी: देवाच्या फुलाला चोरी म्हणू नये. कुंपणाबाहेरची फांदी सगळ्यांची.

तळमजला: कुंडी माझ्या पायरीवर आहे! तुमच्या स्कूटरचा आरसाही रस्त्यावर आलाय, नेऊ?

पहाटफेरी: भाषा सांभाळा. एका फुलासाठी एवढं?

तळमजला: एका?? संकष्टीच्या आदल्या संध्याकाळी कळ्यासुद्धा खुडतात. वाटीत ठेवल्या की सकाळी उमलतात ना! शेवटी 'विषारी औषध मारले आहे' अशी पाटी लावली.

पहाटफेरी: मारलं होतं का?

तळमजला: का, तुम्हाला मळमळलं का?

गच्चीकर: अहो, धागा रोगाचा आहे. तरी यातलं एक कामाचं: गळलेली कळी कुंडीत नाहीतर आसपास सापडते. फोडून बघा, आत थ्रिप्स म्हणजे बारीक फुलकिडे असतील. खुडलेली सापडतच नाही.

मिरजेची_सून: थांबा. जिन्यात मला खाली पडलेली कळी एकदाही दिसली नव्हती.

गच्चीकर: मग गळतात हे कशावरून ठरवलंत?

मिरजेची_सून: रात्री असायच्या, सकाळी नसायच्या. बरं बाबा, मीठ नाही. पण तुमचं ऊनही नाही हं! समोरच्या काकूंच्या गणपतीला तेव्हा रोज लाल फूल असायचं. हल्ली झेंडू असतो.