गोळी जिभेखाली, ठणका डोक्यात?

गोदाकाठ_गंगाखेड:
विहिरीवरनं घराकडं येताना चढाला अण्णांच्या छातीत आवळून येतं. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट दिलीय. परवा बांधावरच बसले, मी गोळी जिभेखाली ठेवली. चार-पाच मिनिटांत आवळणं गेलं, पण मग डोकं धरून बसले. म्हणे हातोडीनं ठोकल्यागत होतंय. छातीची गोळी डोक्यात कशी जाते? आणि चढाला जादा रक्त पाहिजे हे हृदय सांगतं तरी कुणाला?

जुने_मास्तर_अंबाजोगाई:
कुणालाच नाही, बरंचसं तिथल्या तिथं भागतं. बसल्या जागी हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांतून मिनिटाला साधारण २५० मिली रक्त जातं, आणि त्यातला ७० टक्के प्राणवायू हृदय तेव्हाच काढून घेतं. जादा पाहिजे तर रक्तच जादा यायला हवं, चार-पाचपट. काम वाढलं की पेशींतल्या एटीपीपासून, म्हणजे पेशीच्या इंधनापासून, अ‍ॅडेनोसिन तयार होतं, ते शेजारच्या बारीक धमनीला लागतं, ती सैल पडते. ज्या वाफ्याला तहान, त्याचंच दार फुटतं.

दुसरा निरोप्या नायट्रिक ऑक्साइड. धमनीच्या आतलं अस्तर तो सोडतं, टिकतो काही सेकंद. फर्चगॉट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन दाखवलं, की अस्तर खरवडलं गेलं तर अ‍ॅसिटिलकोलिन हे एरवी धमनी सैल करणारं रसायन टाकूनही धमनी सैल होत नाही. १९९८ चं नोबेल इग्नारो आणि मुराद यांच्यासोबत त्यांना मिळालं.

अण्णांची मोठी धमनी अरुंद झाली असणार. मग पुढची बारीक दारं बसल्या जागीच उघडी पडलेली असतात, चढाला उघडायला उरतच नाहीत. गोळीतूनही नायट्रिक ऑक्साइडच बनतो, पण अंगभर. शिरा ढिल्या होतात, हृदयाकडं परतणारं रक्त कमी होतं, ओझं उतरतं. डोक्यातल्या धमन्याही फुगतात, तोच ठणका. डायनामाइटच्या कारखान्यातले कामगार सुट्टीनंतर सोमवारी असंच डोकं धरायचे, तिथं नायट्रोग्लिसरीन, या गोळीचंच भावंड!

मेडिकलवाली_ताई:
दादा, गोळी बसवूनच द्या, उभ्यानं दिली तर बीपी पडून चक्कर येते. पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर १०८ ला फोन करा, घरच्या गाडीची वाट बघू नका. आणि सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, या गोळीसोबत कधीच नाही. दुकानात लाजून लपवतात लोक, म्हणून इथं सांगते.

गोदाकाठ_गंगाखेड:
मास्तर, दाराचं अण्णांना लगेच पटलं, जन्मभर दारं धरलीत. गोळ्यांची पट्टी घरात फळीवर असायची, आजपासून कोपरीच्या खिशात. चढाच्या खाली एक दगड आहे, तिथं आधी टेकायचं असं ठरलंय. ऐकतील का, ते बघू.