पॅडिंगला काय म्हणायचं, भराव की माया?

शहापूरहून :
आमच्या सोसायटीचा हिशोब पोस्टग्रेस या डेटाबेसवर आहे, तो मी बघतो आणि त्याची माहितीवही मराठीत लिहायलोय, उद्या दुसरं कोण आलं तर त्याला कळाय पाहिजे. डेटाबेसची फाईल फुगलीय, ती कमी करायची सेटिंगं लिहिताना 'पॅडिंग'पाशी (डेटासोबत राहणारी जादा जागा) अडलो. स्टोरेजला साठवण चालतंय, स्पेसला जागा, कन्नडमध्ये पण जागाच म्हणतात म्हणून ऑफिसात सगळ्यांना कळतंय. पॅडिंगला 'भराव' लिहू काय?

खानापूरहून :
लिहा, पण सगळीकडं नको. गावाच्या नावाला कॅर 50, म्हणजे ठरीव 50 कॅरॅक्टरचा कॉलम ठेवला आणि त्यात 'बेळगाव' लिहिलं, तर काना-मात्रा धरून 6 कॅरॅक्टर, प्रत्येकाला 3 बाइट, झाले 18, आणि उरलेल्या 44 जागी डेटाबेस नुसत्या स्पेस भरतो, म्हणजे 62 बाइट. हा भराव, खड्ड्यात मुरूम टाकल्यागत. व्हारकॅर, म्हणजे लागेल तेवढीच जागा घेणारा कॉलम, केलं की जातो. स्मॉलइंटच्या (2 बाइटचा आकडा) मागं लगेच बिगइंट (8 बाइटचा, तो 8 च्या पटीतल्या जागीच सुरू होतो) आला तर मधे 6 बाइट वाया जातात, तोही भरावच, मोठे कॉलम आधी घ्या.

फिलफॅक्टर, म्हणजे डेटाबेस फाईलचं एकेक पान किती टक्के भरायचं ती सेटिंग, मात्र वेगळं. 80 ठेवलं की 8 केबीच्या पानात पाचवा हिस्सा मुद्दाम मोकळा सोडतात, ओळ बदलली तर नवी प्रत त्याच पानात बसावी म्हणून. त्याला शिवणकामात शब्द आहे, माया. आई ब्लाऊज शिवताना शिवणीच्या आत बोटभर कापड सोडते, पुढं घट्ट झालं की उसवून सैल करायला, आणि गिऱ्हाईक बायका पण "माया आहे नव्हं आत?" असंच विचारतात.

निपाणीहून :
शब्द चांगलाय पण नुसतं माया वाचून लोकांना जीव लावणं नाहीतर जमवलेला पैसा आठवणार. पहिल्या वेळी 'वाढीसाठी सोडलेली माया' असं पूर्ण लिहा.

शहापूरहून :
पटलं. आणि लिहिताना एक सापडलं, पावत्यांच्या टेबलात एकदा लिहिलेली ओळ कधीच बदलत नाही, तिथं कोणीतरी फिलफॅक्टर 70 ठेवलेलं. भराव म्हणत होतो तोवर लक्षात आलं नाही, माया म्हटल्यावर लगेच वाटलं की इथं कशाला सोडली. आता 100 केलं, पण जुनी पानं तशीच राहतात, व्हॅक्यूम फुल (सगळं टेबल नव्यानं लिहिणारी आज्ञा) चालवाय पाहिजे, तेवढा वेळ टेबलाला कुलूप आणि नव्या प्रतीपुरती डिस्क मोकळी लागते, म्हणून रविवारी रात्री करतो. त्याला 'उसवून शिवणे' लिहू?

खानापूरहून :
नको, शिवण तिथवर ताणू नका. 'टेबल नव्यानं मांडणे' लिहा, सरळ कळतंय.