विद्यापीठाचं आवार फिरायला सगळ्यांना खुलं असावं का?

गणेशखिंडकर
पुणे विद्यापीठाचं आवार ४११ एकर. बाहेर चौकात हॉर्नचा गदारोळ, आत थोडं चाललं की पक्षी ऐकू येतात. मुख्य इमारत मुळात गव्हर्नरांच्या निवासस्थानाची. १९४९ मध्ये विद्यापीठ आलं ते जनतेच्या पैशावर. मग पहाटे पाचला फाटक उघडायला हरकत कसली?

होस्टेलची खिडकी
हरकत आवाजाची. शिक्षणसंस्थेभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, तिथली मर्यादा: दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. आणि कायद्याची रात्र सकाळी सहापर्यंत चालते. पाच वाजता खिडकीखाली हास्यक्लब, कुणाच्या खिशात भजनं. सहाच्या आधी नाही म्हणजे नाही.

गणेशखिंडकर
चार म्हाताऱ्यांच्या हसण्याने कुणाची परीक्षा बुडत नाही हो. एवढ्या झाडीत आवाज जिरतो.

डेसिबल
झाडीत जिरत नाही. झाडांची एखादी रांग जवळपास काहीच अडवत नाही, फक्त रस्ता नजरेआड करते आणि सळसळीने थोडं झाकते. शांतता येते ती अंतरामुळे आणि मधल्या इमारतींमुळे. सलग वाहत्या रस्त्यापासून अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ३ डेसिबलने उतरतो. १० मीटरवरून १६० मीटरवर गेलं की १२. पण गाडी आत आणून झाडाखाली लावली की हे अंतरच संपलं! चालायला यायचं आणि तेही कारने, हे अजब आहे. गाड्या फाटकाशीच थांबवा.

मुळं-माती
गाड्यांइतकंच नुकसान पायांनीही होतं. डांबरी रस्ता सोडून झाडांखालून जवळची वाट काढली जाते, विशेषतः पावसात. ओली माती तुडवली की दबते, तिच्यातली हवेची पोकळी जाते, पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. मग वरच्या फांद्या वाळतात आणि वळवाच्या वाऱ्यात खाली येतात. वर्षावृक्षाचा तर पसारा मोठा आणि फांद्या ठिसूळ. वारा सुटला की त्याखाली थांबू नये. यावर उपाय म्हणून पेव्हर ब्लॉक बसवू नका: सावलीत शेवाळ धरतं, लोक घसरतात. मुरूम दाबून दीड मीटर रुंदीची एकच वाट करा, तिला एका बाजूला उतार द्या आणि प्रत्येक बुंध्याभोवती किमान एक मीटर माती उघडी ठेवा.

होस्टेलची खिडकी
वाट करा, पण होस्टेलच्या मागून नको. आणि वाटेवर बिस्किटं टाकणं बंद. जिथे रोज खाऊ मिळतो ती जागा कुत्री आपली मानतात, मग सायकलच्या मागे लागतात. खायला घालायचंच तर वाटेपासून लांब, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी.

गणेशखिंडकर
सहा वाजता कबूल. पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी फाटकापासून चालत यायचं?

डेसिबल
फाटकाजवळच सपाट फेरी आखा. टेकडीकडचा चढ त्यांना तसाही झेपणार नाही.