मदत हवी आहे: स्प्रिंगचे फॉर्म टॅग ठेवू की साधं एचटीएमएल लिहू?

नमस्कार मंडळी, स्प्रिंग एमव्हीसी (जावाचं वेब फ्रेमवर्क) आणि जेएसपीवर (सर्व्हरवर एचटीएमएल तयार करणारी जावाची पानं) काम केलेल्यांचा सल्ला हवाय. कर्जाच्या अर्जांचं एक जुनं अ‍ॅप्लिकेशन आमच्याकडे आलंय, फॉर्म लांबलचक आणि सगळीकडे स्प्रिंगचे फॉर्म टॅग, म्हणजे जेएसपीत लिहायचे आणि सर्व्हरवर ज्यांचं एचटीएमएल बनतं ते. टीममधली फ्रंटएंडवाली म्हणते हे सगळं काढू आणि सरळ इनपुट, सिलेक्ट लिहू, कारण जेएसपी वाचून ब्राउझरमध्ये नेमकं काय उमटणार ते तिला कळत नाही. ते पटतंय मला. फॉर्म:चेकबॉक्सेस लिहिलं की प्रत्येक पर्यायाभोवती स्पॅन येतो, आयडीच्या शेवटी 1, 2 असे आकडे लागतात, आणि सीएसएस लिहिणाऱ्याला हे पान चालवल्याशिवाय दिसतच नाही.

पण टॅग काढले की काय काय हातानं करावं लागेल ते बघून मी थांबलोय. समजा कुणी रकमेत आकड्याऐवजी "दोन लाख" असं टाइप केलं तर व्हॅलिडेशन फसतं आणि फॉर्म परत येतो, फॉर्म:इनपुट त्यात टाइप केलेलं तसंच दाखवतो कारण तो बाइंडिंग रिझल्टमधून (फॉर्ममधलं ऑब्जेक्टमध्ये भरताना काय चुकलं त्याची नोंद) नाकारलेली व्हॅल्यू उचलतो. साध्या इनपुटमध्ये डॉलर-महिरपी कंसानं मॉडेलमधली रक्कम छापली तर तिथे रिकामं येणार, कारण ती आकड्यात बदललीच नव्हती. माणसानं काय चुकवलं तेच त्याला दिसणार नाही, हे मला अजिबात चालणार नाही.

शिवाय त्या कंसात दिलेलं जेएसपी स्वतःहून एस्केप करत नाही, म्हणजे खास चिन्हं निरुपद्रवी करून छापत नाही. पत्त्यात कुणी दुहेरी अवतरणचिन्ह टाकलं की व्हॅल्यू तिथेच तुटते, आणि एक्सएसएसला (पानात परकी स्क्रिप्ट घुसवण्याच्या हल्ल्याला) दार उघडं राहतं ते वेगळंच. एस्केप करून छापणारा सी:आउट टॅग सगळीकडे लावता येईल पण एक जागा सुटली तरी पुरे. चेकबॉक्सचंही तेच, टिक नसेल तर ब्राउझर काहीच पाठवत नाही, म्हणून स्प्रिंगचा टॅग अंडरस्कोरवालं लपलेलं फील्ड सोबत टाकतो. आमचा ऑब्जेक्ट सेशनमध्ये असतो, ते फील्ड गेलं तर काढलेली टिक सेव्हच होणार नाही. सीएसआरएफ टोकन (विनंती आपल्याच फॉर्ममधून आली याची खूण) हाताने टाकणं त्यामानाने सोपं आहे, त्याची काळजी नाही.

तारखेचं मात्र दोन्हीकडे सारखंच, टाइप डेट केलं की ब्राउझरला 2024-05-17 असंच लागतं, 17/05/2024 दिलं तर फील्ड कोरं, त्यामुळे फॉरमॅट आयएसओ ठेवावाच लागेल.

थायमलीफ या दुसऱ्या टेम्प्लेट इंजिनमध्ये टॅग साधे राहतात आणि बाइंडिंगही मिळतं हे माहितेय, पण सगळी पानं बदलायला आत्ता वेळ नाही. म्हणून मधला रस्ता सुचतोय: स्प्रिंग:बाइंड वापरून स्वतःच्या टॅग फाइल्स करायच्या, म्हणजे आत लेबल, इनपुट, चूक दाखवणारी ओळ सगळं आपल्याच एचटीएमएलमध्ये, आणि नाव, व्हॅल्यू, एरर स्प्रिंग:बाइंडनं दिलेल्या स्टेटस ऑब्जेक्टमधून. त्यात एस्केपिंग आपणच चालू करावं लागतं, फॉर्म टॅगसारखं ते आपोआप होत नाही, एवढं लक्षात ठेवून.

कुणी मोठ्या फॉर्मवर असं केलंय का? विशेषतः एकाखाली एक वाढत जाणाऱ्या रांगांसाठी, म्हणजे जामीनदार एक, दोन, तीन असे जोडत जातात तिथे, इंडेक्सवाला (रांगेचा क्रमांक असलेला) पाथ टॅग फाइलला कसा दिलात आणि जावास्क्रिप्टनं नवी रांग टाकताना तेच एचटीएमएल पुन्हा कसं वापरलंत? कोडचा छोटा तुकडा दिलात तर फार मदत होईल.