अँटीफ्रीझ प्रोटीनला मराठीत काय म्हणायचं? 'गोठणरोधक' बरोबर वाटतं का?

शब्दवेडा:
अंटार्क्टिकातल्या माशांवर मराठीत लिहितोय. तिथलं खारं पाणी साधारण उणे १.९ अंशाला गोठतं, बहुतेक माशांचं रक्त मात्र उणे ०.८ च्या आसपासच गोठायला हवं, तरी तिथले मासे मजेत पोहत असतात कारण रक्तात अँटीफ्रीझ प्रोटीन. मी 'रक्तगोठणरोधक प्रथिन' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटलं रक्त पातळ करायच्या औषधाबद्दल चाललंय. दुसरा शब्द सुचवा ना.

खारंपाणी:
वाटणारच. मराठीत रक्त गोठलं म्हणजे गुठळी झाली, हाच अर्थ आधी डोक्यात येतो. त्यासाठी साकळणे हा नेमका शब्द आहे पण हल्ली कमी ऐकू येतो. थिजणे तेलातुपाला ठीक, इथे नको. पण माझा मुख्य आक्षेप 'गोठण'वरच आहे. गाडीच्या रेडिएटरमधलं अँटीफ्रीझ एका मर्यादेपर्यंत पाण्यात जितकं जास्त विरघळवाल तितका गोठणबिंदू खाली जातो, माशांत तसं नाहीये. १९६० च्या दशकात आर्थर डेव्हरीज या शास्त्रज्ञाने अंटार्क्टिकाजवळच्या मॅकमर्डो साउंड या समुद्रातल्या माशांचं रक्त तपासलं तेव्हा नुसत्या क्षारांनी हिशेब जुळेना, मग साखरेचे रेणू जोडलेली प्रथिनं सापडली. ती बर्फाच्या बारीक कणाला जाऊन चिकटतात आणि त्याला वाढूच देत नाहीत, त्यामुळे गोठणबिंदू बराच खाली जातो पण वितळणबिंदू जवळपास तिथेच राहतो. आणि बर्फ शरीरात शिरतोच हां, या माशांच्या प्लीहेत बर्फाचे कण मिळालेत! म्हणजे रोखली जाते ती बर्फाची वाढ. मी 'हिमवाढरोधक प्रथिन' म्हणेन.

कुतूहल:
हिमवाढरोधकला माझं पण मत. फक्त 'अतिशीत' हा शब्द यात मिसळू नका. १९५० च्या दशकात शोलांडर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या लॅब्राडॉरच्या फ्योर्डमध्ये (डोंगरांमध्ये शिरलेल्या अरुंद खाडीत) खोल पाण्यातले मासे पाहिले, त्यांचं रक्त गोठणबिंदूच्या खाली असूनही द्रव होतं कारण तिथे खोलवर बर्फच नव्हता, त्याच थंड पाण्यात बर्फाचा स्पर्श झाला की मासा गोठून मरायचा. ते अतिशीत. आणि रेनबो स्मेल्ट नावाचा मासा हिवाळ्यात शरीरात भरपूर ग्लिसरॉल बनवतो, ते बरंचसं रेडिएटरसारखंच काम करतं, तिथे गोठणरोधक खुशाल वापरा.

शब्दवेडा:
हे भारी झालं, तीन प्रकार तीन शब्द. उत्तरेकडच्या आर्क्टिक कॉडमध्येही जवळपास असंच प्रथिन आहे पण ते स्वतंत्रपणे तयार झालंय, त्यामुळे कामावरून पडलेलं नाव दोघांनाही चालेल. पहिल्यांदा येईल तिथे 'हिमवाढरोधक (अँटीफ्रीझ) प्रथिन' लिहितो, पुढे नुसतं हिमवाढरोधक.

खारंपाणी:
चालेल. आणि 'रक्त गोठतं'च्या जागी 'रक्तात बर्फ धरतो' लिहा, मग गुठळीचा घोळच नको.